दाढी दिसली की चाप ओढायचा? टर्कीच्या शिकारीत या चुका टाळा

अमेरिकेत एप्रिल-मे हा रानटर्की या मोठ्या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम. भारतात 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा विषयच उरला नाही, पण इथे स्थायिक झालेली काही मराठी मंडळी परवाना काढून, ऑफिसातल्या एखाद्या जुन्या शिकाऱ्याचं बोट धरून रानात उतरतात. पहिल्या दिवशी त्यांना एक मंत्र मिळतो : दाढी असेल तरच मार. मंत्र खोटा नाही, अर्धवट आहे.

दाढी म्हणजे नर, असं धरून चालणं

नाव दाढी असलं तरी ती हनुवटीला नसते. छातीतून काळ्या राठ केसांचा झुपका लोंबतो, घोड्याच्या शेपटीतून उपटून चिकटवल्यासारखा. मुळात ती पिसंच, फक्त वेगळ्या घडणीची, आणि इतर पिसांसारखी ती झडत नाहीत. प्रौढ नराला ती असतेच, पण साधारण दहातल्या एका मादीलाही असते. उलट हिवाळ्यात बर्फ चिकटून एखाद्या नराची दाढी तुटूनही जाते.

म्हणून दाढी शेवटी बघा, आधी डोकं बघा. नराचं डोकं जवळजवळ उघडं, लाल-पांढरं-निळं. मादीचं राखाडी-निळसर, आणि मानेवरून वर चढत गेलेली बारीक पिसं. मग छाती. नराच्या छातीच्या पिसांची टोकं काळी, म्हणून तो लांबून काळाकुट्ट दिसतो. मादीची टोकं फिकट बदामी, म्हणून ती तपकिरी. मोर आणि लांडोर ज्यांनी पाहिलेत त्यांना हा फरक चटकन कळतो, फक्त उजेड हवा. पहाटेच्या अंधुक प्रकाशात रंग कळत नसेल तर थांबा, पाच मिनिटांत काही बिघडत नाही.

अंगकाठीही बोलते : प्रौढ नर साधारण 16 ते 24 पाउंडांचा, मादी 8 ते 11. फुललेल्या शेपटीवर मात्र विसंबू नका, क्वचित मादीही पिसारा फुलवते. दाढीच्या लांबीवर तर अजिबातच नको. वर्षभराच्या नराची, म्हणजे ‘जेक’ची दाढी काही इंचांचीच असते, आणि एखाद्या मादीची त्याच्याहून लांब भरते.

कायदा चालू देतो, म्हणजे मारावीच

पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्कमध्ये वसंतात नियम ‘दाढीवाला पक्षी’ असा आहे, म्हणजे दाढीवाली मादी कायदेशीर, आणि दाढी तुटलेला नर बेकायदेशीर! जॉर्जिया, अलाबामात फक्त नर चालतो. राज्याची सीमा ओलांडून शिकारीला जाणारे नेमके इथेच फसतात. त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय गाडीत बसू नका.

माझ्या मते ‘दाढीवाला पक्षी’ या नियमाचा मोठा फायदा असा, की लांबून दिसणारी एकच खूण ठरते आणि प्रामाणिक शिकाऱ्याच्या चुकीचा गुन्हा होत नाही. ती सवलत आहे, आमंत्रण नव्हे.

‘दाढीवाली मादी वांझच असते’

हे रानातल्या गप्पांमध्ये हमखास ऐकू येतं, आणि ते चूक आहे. ती इतरांसारखीच जमिनीवर घरटं करते, दहा-बारा अंडी घालते, 28 दिवस उबवते. नर या कामात कुठेच नसतो. एक नर अनेक माद्यांना पुरतो, आणि एका मीलनानंतर मादी कित्येक आठवडे फलित अंडी घालू शकते. म्हणून वसंतात एक नर गेला तर फारसं बिघडत नाही, मादी गेली तर अख्खी वीण जाते. मेच्या मध्याला एकटीच चरायला आलेली मादी बहुधा घरट्यावरून थोडा वेळ उठून आलेली असते. ती परतली नाही तर त्या अंड्यांवर दुसरं कोणी बसत नाही.

काही राज्यांत शरद ऋतूत मादीही मारू देतात, मग वसंतातच काय वावडं, असा प्रश्न येतो. शरदात घरटी नसतात, एवढं उत्तर पुरे. दाढीवाल्या माद्या मुळातच थोड्या, त्यामुळे त्या मारल्याने जात संपेल असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण आग्नेय राज्यांत गेली काही वर्षं टर्की कमी होत असताना, हातातला मोजका टॅग (परवान्यासोबत मिळणारी, एका पक्ष्यामागे एक वापरायची चिठ्ठी) मादीवर घालवणं मला तरी पटत नाही.

आवाजावर किंवा हालचालीवर गोळी

ही चूक पक्ष्यापुरती नाही, माणसाच्या जिवावर बेतते. झुडपामागे टर्कीचा आवाज काढणारा दुसरा शिकारीही असू शकतो. नराच्या डोक्याचे रंग, म्हणजे लाल, पांढरं, निळं काहीही अंगावर नको, आत घातलेला टी-शर्टसुद्धा. आणि पक्षी पूर्ण दिसेपर्यंत बोट चापाबाहेर.

चुकून मादी पडलीच तर

टाकून पळू नका. जिथे चालते तिथे लगेच टॅग लावा आणि नोंद करताना ‘दाढीवाली मादी’ असंच सांगा. त्या नोंदींवरच पुढचे नियम ठरतात. जिथे फक्त नराला परवानगी आहे तिथे स्वतः वन्यजीव खात्याला फोन करा. स्वतःहून सांगणारा आणि पकडला गेलेला, यांच्याकडे अधिकारी सारख्या नजरेने बघत नाहीत. कायदेशीर असेल तर मांस वाया घालवू नका. छाती रश्शाला छान लागते, तंगड्यांमधले शिरांचे दोर मात्र काढून टाका आणि कुकरला भरपूर शिट्ट्या द्या.