परदेशातून कोकणच्या गाडीचं तिकीट काढताना

सुट्टीत घरी आल्यावर शनिवार-रविवार मालवणात काढायचा, तर कुडाळपर्यंतचं तिकीट तिकडे असतानाच काढावं लागतं. आरक्षण प्रवासाची तारीख सोडून 60 दिवस आधी, भारतात सकाळी 8 वाजता उघडतं. शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीला झुंबड असते, म्हणून वेळ चुकवू नका.

1. दिवस मोजताना गाडी पहिल्या स्थानकावरून सुटते ती तारीख धरा. खरी मेख इथेच आहे. कोकणकन्या मुंबईहून शुक्रवारी रात्री 11 नंतर सुटते आणि पनवेलला मध्यरात्र उलटल्यावर पोचते. पनवेलहून चढणाऱ्याच्या तिकिटावर तारीख शनिवारची, पण 60 दिवस शुक्रवारपासून मागे मोजायचे.

2. आपल्याकडचे सकाळचे 8 म्हणजे दुबईत साडेसहा, लंडनला उन्हाळ्यात पहाटेचे साडेतीन, न्यूयॉर्कला आदल्या रात्रीचे साडेदहा. हिवाळ्यात लंडन-न्यूयॉर्कला आणखी तासभर आधी. गजर लावूनच झोपा.

3. प्रवाशांची नावं आणि वयं तिकीट काढायच्या IRCTC खात्यात आधीच भरून ठेवा.

मोबाईलवर काढलेलं तिकीट आरक्षणाचा तक्ता (चार्ट) लागल्यावरही पूर्ण वेटिंगवरच राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं. त्यावर गाडीत चढता येत नाही. शिवाय पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेव्हा परतीची वेळ पुन्हा तपासा.