गांजा-कराच्या अनुदानासाठी अर्ज करताना: आधी शहराची कलमं वाचा

कॅलिफोर्नियात सार्वजनिक प्रशासन किंवा सार्वजनिक आरोग्य शिकून एखाद्या शहराच्या वा काउंटीच्या कार्यालयात नोकरीला लागलात, तर प्रपोझिशन ६४ (गांजा कायदेशीर करणारा, थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) च्या सार्वजनिक आरोग्य व सुरक्षा अनुदानाचा अर्ज तुमच्या टेबलावर येऊ शकतो. नवखी मंडळी लगेच कार्यक्रमाचा आराखडा लिहायला बसतात. ते काम नंतरचं. आपलं शहर पात्र आहे का, हे आधी पाहायचं.

नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथल्या मतदारांनी प्रपोझिशन ६४ मंजूर केलं आणि २१ वर्षं पूर्ण झालेल्यांना गांजा कायदेशीर झाला. त्यावरच्या राज्य-कराचा एक वाटा बोर्ड ऑफ स्टेट अँड कम्युनिटी करेक्शन्स, म्हणजे बीएससीसी हे राज्याचं मंडळ, स्थानिक सरकारांना अनुदान म्हणून देतं. आपल्याकडे गांजा १९८५ च्या केंद्रीय एनडीपीएस कायद्याखाली येतो, त्यामुळे दुकानाला परवानगी द्यायची का, हा प्रश्न महापालिकेपुढे येतच नाही. तिथे मात्र प्रत्येक शहर हे स्वतः ठरवतं, आणि अनुदानाची पात्रता त्याच निर्णयावर अवलंबून असते.

अट एका वाक्याची आहे, पण चुका तिथेच होतात. बंदिस्त जागेतली (इनडोअर) आणि उघड्यावरची अशा दोन्ही प्रकारच्या व्यावसायिक लागवडीवर बंदी असेल, किंवा किरकोळ विक्रीवर बंदी असेल, तर अनुदान नाही. यातला ‘आणि’ व ‘किंवा’ बोट ठेवून वाचा. उघड्यावर बंदी पण बंदिस्त जागेतल्या लागवडीला मुभा, आणि शिवाय विक्रीला परवानगी: असं शहर पात्र. दोन दुकानं चालू आहेत, पण व्यावसायिक लागवड कुठेच चालत नाही: अपात्र. लागवडीला मोकळीक पण दुकानाला मनाई, तरीही अपात्र. घरी स्वतःसाठी सहा रोपं लावण्याची मुभा राज्याच्या कायद्याने दिलेली आहे. ती व्यावसायिक लागवड नव्हे, तिच्या जोरावर पात्रता सांगू नका.

हे शोधायचं शहराच्या म्युनिसिपल कोडमध्ये, म्हणजे शहराच्या ऑर्डिनन्सच्या संग्रहात. गांजाविषयीचं प्रकरण वाचाच, पण झोनिंगमधला (कुठल्या जागेचा वापर कशासाठी करता येतो, त्या नियमांतला) परवानगीयोग्य वापरांचा तक्ताही वाचा. अनेक शहरांत तक्त्यात नसलेला वापर निषिद्धच धरला जातो, म्हणजे ‘बंदी’ हा शब्द कुठेही नसताना बंदी असू शकते. ‘आमच्या कोडमध्ये मनाई लिहिलेली नाही’ या युक्तिवादावर म्हणूनच विसंबू नये. (तिथली ऑर्डिनन्स म्हणजे आपला अध्यादेश नव्हे. ती आपल्या महापालिकेच्या उपविधीच्या जवळची.) काउंटीत असाल तर ध्यानात ठेवा की काउंटीचे नियम शहरांच्या हद्दीबाहेरच्या भागालाच लागू होतात. हद्दीतल्या एखाद्या शहरात दुकान आहे म्हणून काउंटी पात्र ठरत नाही, आणि उलटही तेच.

पात्रतेच्या पत्रात नेमकी कलमं द्या: लागवडीला परवानगी देणारं एक, विक्रीला देणारं दुसरं. पत्र शहराच्या वकिलाकडून तपासून घ्या. शंका उरली तर बीएससीसीला मुदतीच्या बरंच आधी लेखी विचारा. फोनवरचं उत्तर फाइलला लावता येत नाही.

आराखड्याकडे यानंतर वळा. आधीच्या फेऱ्यांत तरुणांसाठीचं प्रतिबंधात्मक काम सक्तीचं होतं आणि मागितलेल्या रकमेतले किमान १० टक्के त्यावर ठेवावे लागत. सार्वजनिक आरोग्य, सुरक्षा आणि पर्यावरण हे विषय ऐच्छिक होते. रकमेची कमाल मर्यादा फेरीगणिक बदलते, तेव्हा जुन्या अर्जातला आकडा उचलू नका. आधीपासून शहराच्या तिजोरीतून चाललेला खर्च या पैशावर ढकलता येत नाही. पगार मागताना ते पद नवं आहे की जुनंच, हे स्पष्ट लिहा. पैसेही आगाऊ मिळत नाहीत. आधी खर्च, मग हिशेब, मग परतावा. छोट्या संस्थेला भागीदार करताना परतावा मिळेपर्यंत तिला तग धरता येईल का, हे आधीच विचारून घ्या.

अर्जासाठीच्या सिटी कौन्सिलच्या (निवडून आलेल्या नगरसभेच्या) ठरावालाही वेळ लागतो. ब्राउन अ‍ॅक्टनुसार, म्हणजे स्थानिक सरकारांच्या खुल्या सभांविषयीच्या तिथल्या कायद्यानुसार, नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी जाहीर व्हावी लागते, आणि कर्मचाऱ्यांचा अहवाल कार्यालयात त्याच्याही आधी पोचवावा लागतो. तारखा सिटी क्लार्ककडून (सभांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडून) पहिल्याच आठवड्यात घ्या.