लाजाळू पक्ष्याचा फोटो: मागे धावू नका, पाण्यापाशी बसा

नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या झाडीत स्वर्गीय नर्तक हा पक्षी दिसतो, कॅमेरा वर करेपर्यंत पानांत गडप. उन्हाळ्यात त्याच्यामागे फिरणं सोडा.

१. पायवाटेलगत पाझराचं किंवा डबक्याचं पाणी शोधा. सकाळी किंवा चारनंतर, दहा-पंधरा पावलं दूर, बुंध्याला पाठ टेकून बसा. कपडे मातकट, मोबाइल बंद.

२. पाण्यावर झुकलेली उघडी काडी हेरा. पक्षी सहसा थेट पाण्यावर येत नाही, आधी काडीवर बसून मान वळवत चौफेर बघतो. फोटो तिथेच मिळतो. फोकस आधीच त्या काडीवर लावून ठेवा, म्हणजे लेन्स फिरवावी लागत नाही. ही हालचालच त्याला उडवते.

३. शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या आसपास, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो, आवाज सायलेंट. सावलीत फोटो दाणेदार आला तर येऊ द्या, हललेला फोटो मात्र वाया जातो.

पहिला अर्धा तास काहीच येणार नाही. उठू नका.

मोबाइलवर शीळ वाजवून पक्षी बोलावू नका. उन्हाळा-पावसाळा हे अनेकांचे विणीचे दिवस. चोचीत अळी धरून पक्षी सारखा ओरडत असेल, तर घरटं जवळ आहे, लगेच मागे सरा.