पोवळं विकत घेण्याआधी उलटं करून बघा

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी शोकेसमध्ये फ्लॉवरच्या गड्ड्याएवढं एक पांढरंशुभ्र पोवळं होतं. सासूबाईंनी द्वारकेहून आणलेलं. दर दिवाळीला मी ते दात घासायच्या जुन्या ब्रशने खसाखसा धुवायची. खाऱ्या पाण्याची टाकी घ्यायचं ठरलं तेव्हा वाटलं, हेच आत ठेवू, तेवढेच पैसे वाचतील. पण मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, कुठल्याही गोष्टीला हात लावण्याआधी वाचायची खोड. वाचलं आणि पोवळं होतं तिथेच राहिलं.

कायदा १९७२ चा, वन्यजीव संरक्षणाचा. दगडी प्रवाळ आणि आणखी काही प्रकार त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली आले. म्हणजे वाघाच्या पंक्तीला. जिवंत असो, मेलेलं असो, मुख्य वन्यजीव संरक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय घेता येत नाही की ठेवता येत नाही. शिक्षा कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंडही निदान २५ हजार. हॅमर नावाच्या पोवळ्याच्या एका तुकड्यापायी!

म्हणून आधी ओळखायला शिका. दुकानातल्या नावांवर जाऊ नका. हॅमर, टॉर्च, फ्रॉगस्पॉन, ब्रेन ही सगळी दगडी पोवळी आहेत, दिसायला कितीही लुसलुशीत असोत. दुकानदाराला तुकडा पाण्याबाहेर काढून उलटा करायला सांगा. मांसल भागाखाली खडूसारखं टणक लागतंय? तुटलेल्या कडेला लिंबाच्या चकतीसारख्या रेघा दिसतात, मधून निघून कडेपर्यंत गेलेल्या? मग ते दगडी पोवळं, आणि ते नको. कायद्यात शब्दच ‘सर्व’ असा आहे, त्यामुळे जात कुठली हा वाद उरत नाही. अमेरिकेत हा घोळ आहे. तिथे २०१४ साली प्रवाळांच्या २० जाती धोक्यात असल्याचं जाहीर झालं, त्यात फ्रॉगस्पॉनची एक चुलत बहीण, युफिलिया पॅरॅडिव्हिसा. दोघींना शेजारी ठेवून वेगळं ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. मला विचाराल तर आपला सरसकट नियम हौशी माणसाला सोपा.

चकतीची खूण चार ठिकाणी फसवते. ऑर्गन पाइपला आत लाल नळ्यांचा सांगाडा असतो, वरून ते मऊ फुलांसारखं दिसतं. फायर कोरल हात लावला की चटका देतं, त्याच्यावर चकत्या दिसत नाहीत. समुद्रपंखा लवचीक असतो. आणि काळं पोवळं झुडपासारखं. चारही पहिल्याच अनुसूचीत आहेत. पूजेच्या सामानात ‘इंद्रजाल’ म्हणून फ्रेम करून विकतात ना, ते बहुतेकदा समुद्रपंखा नाहीतर काळं पोवळं असतं. भिंतीवर असेल तर तेही याच हिशेबात धरा.

मग टाकीत घालायचं काय? मश्रूम, झोअँथिड, लेदर, झेनिया ही मऊ पोवळी. यांना दगडी सांगाडा नाही, ती पहिल्या अनुसूचीत नाहीत आणि सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, यादीतही नाहीत. खर्चही कमी. दगडी पोवळ्यांसाठी पाण्यातलं कॅल्शियम लिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या वर टिकवत बसावं लागतं. मश्रूमचं पंधरवड्याला थोडं पाणी बदललं की भागतं. झोअँथिडला मात्र हातमोज्यांशिवाय शिवू नका, त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. त्यांचा दगड उकळून स्वच्छ करायला जाऊ नका, ती वाफ छातीत गेली तर दवाखाना गाठावा लागेल.

मऊ आहे म्हणून समुद्रातून उचलून आणायचं नाही, हेही सांगून ठेवते. जामनगरजवळ नरारा पाहायला इथून पुष्कळ लोक जातात. ते १९८२ सालचं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथला खडाही खिशात घालायचा नाही.

बिल मागा. एकदा एका दुकानात सुंदर हिरवा टॉर्च दिसला. ‘बेन, आ तो टाकीमांज मोटुं थयेलुं छे,’ दुकानदार म्हणाला, म्हणजे टाकीतच वाढलेलं. पक्कं बिल मागितलं तर लिहिलं, ‘मरीन स्टोन, नग १’. मी बिल तिथेच ठेवून बाहेर पडले. जो माल स्वतःच्या नावाने बिलात येऊ शकत नाही, तो आपल्या घरी कसा यावा? कोणी म्हणेल, सायटिसचा कागद आहे. तो कागद एका देशातून दुसऱ्या देशात माल नेण्यापुरता. घरी ठेवायची परवानगी त्यात नसते.

मित्राने हौसेने तुकडा तोडून फुकट दिला तरी तेच. कायद्याला पैसे दिसत नाहीत, आपल्या घरातलं पोवळं दिसतं.

लाइव्ह रॉकऐवजी, म्हणजे समुद्रातून काढलेल्या जिवाणूंसकटच्या दगडाऐवजी, सिमेंटचा किंवा सिरॅमिकचा दगड घ्या, दीड-दोन महिन्यांत त्याच्यावर जिवाणू बसतात. समुद्रघोडा, समुद्रकाकडी आणि मोठे ट्रायडॅक्ना शिंपलेही पहिल्या अनुसूचीतच आहेत. क्लाउनफिश हवा तर हॅचरीतला मागा; केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तो टाकीत पैदा करायचं तंत्र कधीच बसवलंय.

घरात आधीपासून काही असेल तर ते समुद्रात किंवा कचऱ्यात टाकू नका. मी साध्या कागदावर अर्ज लिहिला, कुठून आलं, कधी आलं, वजन किती, आणि पोवळ्यासकट वनखात्याच्या कचेरीत नेऊन दिला. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. ‘अगं, यात्रेची आठवण ती. आणि द्वारकेचं ओखामंडळ तर आपल्याच गायकवाडांचं होतं!’ होतं खरं. बडोदे सरकारने जेम्स हॉर्नेल या इंग्रज सागरी जीवशास्त्रज्ञाकडून तिथल्या समुद्री जिवांची पाहणीसुद्धा करून घेतली होती, १९०९ साली अहवाल छापला. मी त्यांना म्हटलं, आई, महाराजांनी मोजून घेतलं, शोकेसमध्ये नाही ठेवलं.

आता टाकीत निळ्या मश्रूमची वस्ती आहे. दोन वर्षांत एकाचे अकरा झालेत, मे महिन्यात पंखा लावून पाणी २७ अंशांवर ठेवलं तर कुरकुर करत नाहीत. कोणाला हवे असतील तर रविवारी सकाळी झाकणाचा डबा घेऊन या. टाकीतलं पाणी मी देईन.