विमान धरायचं असेल तर फोन आदल्या रात्री तयार करा

भोसरीतल्या पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या सर्व्हिस कॉलसाठी मी फिरते. आज चेन्नई, परवा दिल्ली. नवीन मुलं जॉइन झाली की पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, कुठली ॲप घ्यायची?" चार-पाच पुरेत, पण ती घरच्या वायफायवर, आदल्या रात्री लावायची. पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या दारात जवान समोर उभा, मागे रांग आणि फोनवर चाक गरगरतंय, असं नको.

ओळखपत्रापासून सुरुवात करा. डिजिलॉकर किंवा एमआधार उघडून त्यातलं आधार दिसतंय ना, ते पाहून घ्या. गॅलरीतला आधारचा फोटो दाखवून भागत नाही. वेब चेक-इन झालं की बोर्डिंग पास पीडीएफ म्हणून फोनमध्ये उतरवा, लिंकवर विसंबू नका. डिजियात्रा, म्हणजे चेहरा ओळखून विमानतळात सोडणारी ॲप, वापरणार असाल तर तिकिटावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. ऑफिसातून बुकिंग करणारा कधी वडिलांचं नाव घालतो, कधी गाळतो, त्याला आधीच सांगून ठेवा. डिजियात्रा २०२२ च्या डिसेंबरात दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीत सुरू झालं, नंतर पुण्यातही आलं. चेहरा दाखवून आत जाता येतं. तरी खरं कार्ड पाकिटात असू द्या, कॅमेरा कधीकधी रुसतो.

आता माझं सगळ्यात आवडतं काम. समजा, दिल्लीहून पुण्याचं विमान संध्याकाळी ७ चं आहे. विमान कंपनीचा मेसेज म्हणतो 'वेळेवर'. मी फ्लाइटरडार२४ या विमानं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या ॲपवर फ्लाइट नंबर टाकते. विमान ठरलेलं असेल तर त्याची नोंदणी दिसते, आपल्याकडे ती 'व्हीटी'ने सुरू होते. त्या नोंदणीवर टिचकी मारली की ते विमान आत्ता कुठे आहे ते कळतं. ते श्रीनगरहून दिल्लीला येऊन मग पुण्याला निघणार असेल आणि सहा वाजता अजून श्रीनगरलाच उभं असेल, तर हिशोब सोपा आहे: दीड तासाच्या आसपास उड्डाण, वर उतरणं-चढणं-सफाई. सातला ते निघत नाही, कंपनीने काहीही म्हणो! पुण्याच्या ड्रायव्हरदादांना तेव्हाच फोन करायचा, ते बिचारे उगाच ताटकळत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यात हे फार कामी येतं. एक मात्र लक्षात ठेवा, कंपनी ऐनवेळी दुसरं विमान लावू शकते, म्हणून विमानतळावर पोचायची वेळ यावरून ढकलायची नाही.

उशीर लांबला तर गप्प बसू नका. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिच्या नियमानुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर झाला, तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशाला खाणंपिणं द्यावं लागतं. काउंटरवर जाऊन शांतपणे मागा, आणि कंपनीचे मेसेज पुसू नका. दाद लागली नाही तर एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार करताना तेच पुरावे लागतात.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत कधीही नाही, नेहमी हातातल्या सामानात. मर्यादा १०० वॉट-अवर. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट, भागिले १,००० म्हणजे ७४, ती चालते. छाप पुसली गेली असेल तर तपासणीला वाद नको, नवी घ्या. आणि तिने फोन चार्ज करायचा तो गेटवर बसून, विमानात नाही. पाने-स्पॅनर मात्र मुकाट्याने चेक-इनमध्ये टाका.

राहिलं जीएसटीचं. हे कुणी आवर्जून सांगत नाही, पण आमच्या अकाउंट्समधले काका महिनाअखेरीस यावरूनच तोंड सोडतात. बुकिंग करतानाच आपल्या कंपनीचा जीएसटी नंबर टाका. नंतर बदल करायला गेलात की दमछाक होते. तिकीट म्हणजे इन्व्हॉइस नव्हे. इन्व्हॉइस विमान कंपनीच्या साइटवरून पीएनआर टाकून वेगळं उतरवावं लागतं. इकॉनॉमीवर ५ टक्के कर असतो, रक्कम छोटी वाटते, पण जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या आपल्या खरेदी-बिलांच्या यादीत, बिल दिसलं नाही तर आपल्या कंपनीला तो परत मिळत नाही. मी उतरल्यावर बॅगेच्या पट्ट्याजवळ उभी राहूनच इन्व्हॉइस उतरवते आणि काकांना व्हॉट्सॲप करते. बॅग तशीही लवकर येत नाही.