हॅम रेडिओवर समोरून उत्तरच येत नाही? सेट बदलायच्या आधी या चुका टाळा

हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा परवाना मिळवायची एएसओसी परीक्षा पास झालात, व्हीयू३ नाहीतर व्हीयू२ ने सुरू होणारा कॉलसाइन (तुमच्या स्टेशनची ओळख) मिळाला, रिग म्हणजे रेडिओ सेटही आला, आणि तासभर सीक्यू (कोणी आहे का, अशी सगळ्यांना हाक) देऊनही कोणी परत येत नाही, की नव्या मंडळींचा पहिला संशय सेटवर जातो आणि मग जास्त पॉवरचा रिग घेऊ का असं विचारत फिरतात. नका घेऊ. बहुतेक वेळा घोळ अँटेनात, केबलमध्ये नाहीतर चुकीच्या वेळी चुकीचा बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) धरण्यात असतो.

बँडवरून तर फारच गैरसमज आहेत. पुण्यातून संध्याकाळी १४ मेगाहर्ट्झवर युरोप खणखणीत ऐकू येतो पण मुंबईचा मित्र अजिबात नाही, यात बिघाड काहीच नाही, सिग्नल आयनोस्फिअरमधून (वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थरांतून) वळून पार लांब उतरतो आणि मधला पट्टा कोरडा राहतो, त्यालाच स्किप झोन म्हणतात. मुंबई, नाशिक, कोल्हापूरशी बोलायचंय तर दिवसा ७ मेगाहर्ट्झवर या, आणि इथे डायपोल (मधोमध केबल जोडलेली दोन बाजूंच्या वायरची अँटेना) फार उंच नसला तरी चालतो, ५-८ मीटरवर बांधला की बराचसा सिग्नल सरळ वर जातो आणि आसपासच्या दोन-तीनशे किलोमीटरात परत खाली येतो. पुरात मोबाइल टॉवर बंद पडले तर जिल्ह्या-जिल्ह्यात बोलायला हीच पद्धत कामाची, म्हणून ही सवय आधीच करून ठेवा असं मी आवर्जून सांगेन. रात्री मात्र आयनोस्फिअरमधला सिग्नल परत पाठवणारा एफ थर कमजोर होतो, वर गेलेला सिग्नल आरपार निघून जातो आणि जवळची स्टेशनं गायब, उलट दिवसा सिग्नल शोषणारा डी थर सूर्यास्तानंतर विरतो त्यामुळे त्याच ७ मेगाहर्ट्झवर लांबची स्टेशनं यायला लागतात. आणि कधी सगळेच बँड एकदम मेल्यासारखे वाटले तर सूर्याची बातमी बघा, मे २०२४ च्या मोठ्या भूचुंबकीय वादळात जगभर एचएफचे (७, १४ मेगाहर्ट्झसारख्या बँडचे) असेच हाल झाले होते.

आता एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा आकडा. मीटरवर १:१ दिसलं म्हणजे अँटेना झकास, हे डोक्यातून काढा, डमी लोडसुद्धा (चाचणीसाठी अँटेनाच्या जागी लावायचा रेझिस्टर) १:१ दाखवतो आणि तो हवेत जवळपास काहीच सोडत नाही. केबल लांब आणि हलकी असेल तर परत येणारी पॉवर वाटेतच जिरते आणि रिगजवळचा आकडा उगाच छान दिसतो. १४५ मेगाहर्ट्झला ३० मीटर आरजी-५८ ही बारीक कोअ‍ॅक्सियल केबल टाकलीत तर अर्ध्याहून जास्त पॉवर केबलच खाते, ७ मेगाहर्ट्झला तीच केबल चालून जाते. म्हणून जमेल तेव्हा नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) घेऊन गच्चीवर अँटेनाच्या टोकाशी मोजा.

डायपोलची वायर कापताना १४३ भागिले मेगाहर्ट्झ हा हिशोब धरा, ७.१ ला साधारण २०.१ मीटर, म्हणजे एकेक बाजू १० मीटर. पण आधी थोडी लांबच ठेवा, कापणं सोपं, जोडणं कठीण. प्लास्टिक आवरणाची वायर असेल तर रेझोनन्स (अँटेना जिथे नीट जुळते ती फ्रिक्वेन्सी) खाली सरकतो आणि थोडं जास्त कापावं लागतं, म्हणून जागेवर चढवून मोजा आणि मग दोन्ही बाजू सारख्या कापत या. फीडपॉइंटला, म्हणजे केबल अँटेनाला जोडते तिथे, १:१ बालन (केबलच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारा भाग) नसेल तर केबलची बाहेरची जाळीच अँटेनासारखी वागते, माइकला ओठ लागला की चटकाही बसू शकतो.

नॉइज एस९, म्हणजे सिग्नल मीटरवर खूप जास्त असेल तर रिग १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावून घरचा मेन बंद करा. नॉइज पडला तर एकेक एमसीबी चालू करत जा, एलईडी बल्ब, चार्जर नाहीतर सोलर इन्व्हर्टर सापडतोच.

आवाज बोबडा येतोय? रिगवर निवडलेला साइडबँड बघा, ७ वर एलएसबी (खालचा), १४ वर यूएसबी (वरचा). एफटी८ (कॉम्प्युटरवरून छोटे संदेश पाठवायची डिजिटल पद्धत) डिकोड होत नसेल तर कॉम्प्युटरचं घड्याळ बघा, एक-दोन सेकंदांचा फरकही नडतो.

पावसाळ्याआधी केबलच्या टोकाच्या बाहेरच्या पीएल-२५९ कनेक्टरवर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप) गुंडाळाच, एकदा पाणी शिरलं की जाळी काळी पडते आणि केबल वाया जाते, कोकणात खाऱ्या हवेमुळे आणखी लवकर. विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा जवळून अँटेनाची वायर कधीच नेऊ नका, तुटली तर त्यांच्यावर पडेल एवढ्या अंतरातही नको. आणि वळवाचे ढग दिसले की गडगडाटाची वाट न बघता केबल रिगपासून काढून घराबाहेर ठेवा.