वॉर्डात टचस्क्रीन आली, केस पेपरही राहिला : या चुका टाळा

वॉर्डात डिजिटल नोंदी सुरू झाल्या की पहिले काही दिवस सगळे जण स्क्रीनच्या नावाने बोटं मोडतात. खरं तर बहुतेक वेळा बिघाड स्क्रीनमध्ये नसतोच. कागद नेमका कधी बंद करायचा, हे कोणी ठरवलेलं नसतं.

आधी कागदावर, मग सवडीने स्क्रीनवर

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नाइट ड्युटीची सिस्टर पहाटे दोनला टेंपरेचर, बीपी घेते, चिठ्ठीवर टिपते आणि साडेसहाला हँडओव्हरच्या घाईत सगळ्या खाटांचे आकडे एकदम भरते. सिस्टीम मात्र प्रत्येक नोंदीवर साडेसहाचीच वेळ मारते. दोनला ताप १०२, लगेच पॅरासिटामॉल (औषधाच्या कागदी चार्टवर त्याची वेळ दोनचीच), चारला ९९. सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांना ग्राफवर १०२ साडेसहालाच दिसतो, म्हणजे वाटतं असं, की गोळी देऊन साडेचार तास झाले तरी ताप १०२! मग औषध बदललं जातं, नको त्या तपासण्या लिहिल्या जातात.

यावर उपाय दोन. नोंद खाटेजवळच व्हावी, म्हणजे टॅब किंवा चाकाच्या ट्रॉलीवरचा स्क्रीन हवा. नर्सिंग स्टेशनवरच्या एकाच कॉम्प्युटरने भागत नाही. आणि फॉर्मवर ‘मोजल्याची वेळ’ हा रकाना ‘भरल्याची वेळ’पेक्षा वेगळा हवा. विकत घेण्याआधी हे तपासा, नंतर कंपनीवाले जास्तीचे पैसे मागतात.

सगळं एका दिवशी बदलू नका. एक वॉर्ड घ्या, तिथे आधी टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि बीपी स्क्रीनवर आणा. औषधांचा चार्ट मात्र हलवाल तेव्हा पूर्णच हलवा. अर्धी औषधं कागदावर आणि अर्धी स्क्रीनवर राहिली, तर एकच अँटिबायोटिक दोनदा दिलं जाण्याची वाट मोकळी होते.

आपल्या गोव्यातला खास घोळ : आडनावं

बाहेरून आलेल्या सॉफ्टवेअरवाल्यांना हे आधी सांगावं लागतं. नाईक आडनाव आधारवर ‘के’ने संपतं, तर जुन्या, पोर्तुगीज वळणाच्या जन्मदाखल्यावर ‘क्यू-यू-ई’ने. शिरोडकर कुठे ‘एस-एच’ने सुरू होतो, कुठे ‘एक्स’ने. काउंटरवरचा मुलगा नाव शोधतो, सापडत नाही, नवी नोंदणी करून मोकळा होतो. एकाच बाईची दोन खाती होतात, आणि पेनिसिलिनची ॲलर्जी राहते पहिल्या खात्यात.

नावाने शोधणं हा शेवटचा पर्याय ठेवा. आधी रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक किंवा १४ अंकी आभा (आयुष्मान भारत आरोग्य खातं) क्रमांक, मग मोबाइल आणि जन्मतारीख. फक्त मोबाइलवर विसंबू नका, घरात एकच नंबर चौघांच्या नावावर असतो. एका रुग्णालयातून दुसऱ्यात, उदाहरणार्थ मडगावच्या जिल्हा रुग्णालयातून गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पेशंट हलवताना तर हे क्रमांक चिठ्ठीवर असायलाच हवेत. दोन खाती जोडण्याचा अधिकार एका-दोघांनाच द्या.

ॲलर्जीचा रकाना आपोआप ‘नाही’ दाखवत असेल, तर तो आजच बदलून घ्या. ‘नाही’ आणि ‘विचारलं नाही’ यांत फरक आहे.

स्क्रीन ऐकत नाही

बहुतेक टचस्क्रीनना बोटाचा विद्युत परिणाम जाणवावा लागतो. जाड किंवा दुहेरी ग्लोव्ह्जमधून तो पोचत नाही; सेटिंगमध्ये ग्लोव्ह मोड आहे का ते बघा. उलट, सॅनिटायझरने ओल्या हाताचा थेंब पडला की स्क्रीन तोच स्पर्श समजते. पुसण्याआधी स्क्रीन लॉक करा, नाहीतर फडक्याने एखादी ऑर्डरही टिकमार्क होते. स्प्रे थेट स्क्रीनवर नको, फडक्यावर मारा. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल बहुतेक स्क्रीनना चालतं, तरी मॅन्युअल बघाच. फरशीसाठीचं ब्लीच मात्र काचेवरचा लेप खातं.

लॉगिन आणि भिंतीवरचा बोर्ड

एकीच्या पासवर्डवर सगळी शिफ्ट चालवली, तर औषध कुणी दिलं याचा पत्ता लागत नाही. पासवर्ड लांबलचक करून हे सुटत नाही. ओळखपत्र टेकवून लगेच उघडणारं लॉगिन द्या, मग कुणी उसनं मागणार नाही.

भिंतीवरच्या मोठ्या डिस्प्लेवर नावासोबत आजार लावू नका. गोव्यात भेटायला येणाऱ्यांत कुणीतरी शेजारच्या वाड्यावरचा निघतोच. शिवाय आता २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. खाट क्रमांक आणि कामाची खूण पुरे.

वीज गेली तर

पावसाळ्यात ती जाणारच. कॉम्प्युटरला यूपीएस असतो, पण राउटर आणि नेटवर्क स्विच साध्या प्लगवर असतात, म्हणून स्क्रीन चालू आणि नेटवर्क गायब! त्यांनाही यूपीएसवर घ्या. वॉर्डात छापील कोऱ्या फॉर्मची एक फाइल ठेवा आणि वीज आल्यावर ते फॉर्म कोण, किती वेळात भरणार हे इन्चार्ज सिस्टरच्या ड्युटी लिस्टवर नावानिशी लिहा. जूनच्या आधी एकदा दुपारी मुद्दाम नेटवर्क बंद करून बघा. कुठला फॉर्म कमी पडतो ते तेव्हाच कळतं.